सावडीतला टिलर

आमच्या रिहे गावात भातलावणी सावडीने होते. आज तुम्ही माझ्या खाचरात राबा, उद्या मी तुमच्या. दिवसाला दिवस. पण माझ्या नवऱ्याने, शेखरने, पॉवर टिलर आणला आणि हिशेब सुरू झाला. टिलर बारा हॉर्सपॉवरचा, म्हणजे बारा घोडे, म्हणजे सहा बैलजोड्या. तेव्हा टिलरच्या एका दिवसाला शेजारच्या विश्रामभाऊंनी जोडी घेऊन सहा दिवस यावं, असं याचं म्हणणं. गावात आता त्यांचीच एक जोडी उरली होती. ते म्हणाले, एवढे दिवस देणं जमायचं न्हाई, मी सावडीतनं निघतो, बैलं इकतो.

मला राग आला. मी हिंजवडीत इंजिनं तपासते. इंजिनाला ब्रेकचं ओझं द्यायचं आणि ते किती जोराने, किती वेगाने फिरतं ते मोजायचं, हेच माझं काम. पंचाहत्तर किलो एका सेकंदात मीटरभर उचललं की एक हॉर्सपॉवर. बारा हा आकडा इंजिनापाशी खरा. चिखलात चाकं घसरली की त्यातलं निम्मंही उरत नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे दूध का दूध.

रविवारी खाचरात ओंडका ठेवला, दोराला ओढ मोजणारा ताणकाटा लावला. आधी बैलांनी ओढला, मग टिलरने. चाकं जागीच फिरेपर्यंत वर दगड चढवले. ओढ आणि वेग गुणले. टिलर जेमतेम तीन हॉर्सपॉवर, जोडी पाऊण. सहाचे चार झाले, म्हणून मी खुशीत होते.

विश्रामभाऊ बैलांच्या पाठीवरचा चिखल पुसत म्हणाले, "चार बी लईच हायेत, वैनी." ते जोडी घेऊन निघाले. माझं मोजमाप बिनचूक होतं आणि मला रडू येत होतं.

बांधावर बसलेल्या माझ्या सासूबाई, रत्नाबाई, हे सगळं बघत होत्या. त्यांनी शेखरला जवळ बोलावलं.

"तुजा बाप गेला त्या वर्साला माज्याकडं निस्तं खुरपं व्हतं. विश्रामचा बाप जोडी घिऊन आला. मी खुरपं घिऊन त्याचा दिवस फेडला. खुरप्याची पावर कुनी मोजली व्हती रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखरने टिलर विश्रामभाऊंच्या खाचरात घातला आणि दिवस मावळेपर्यंत चिखलणी केली. विश्रामभाऊंनी पाय धुता धुता विचारलं, आता माझ्यावर किती दिवस फेडायचे झाले.

"येक," शेखर म्हणाला.