शेजारची बशी

मी कवळ्या बनवतो. दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माझ्या तोंडाची चव मात्र बायको गेल्यापासून पार गेली होती. त्या घरात जीव रमेना म्हणून मी शहर बदललं, भांडीकुंडी वाटून टाकली आणि तिची म्हणून एकच वस्तू बरोबर आणली, तिच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा. त्यात पुढचा एक दात किंचित वळलेला होता. सरळ करून देतो म्हटलं की ती म्हणायची, "राहू दे. तेवढ्यावरून तरी ओळखशील मला."

नव्या कामाच्या जागेजवळ, लॉंड्रीला लागून, स्पॅनिश खाद्यपदार्थांचं एक चिंचोळं दुकान होतं. डबाबंद मासे, धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, खारवलेले ऑलिव्ह. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एका शनिवारी दुपारी उगाच आत शिरलो. चाखवल्याशिवाय विकायचं नाही, असा दुकानवाल्या बाईंचा नियम होता. त्यांनी मेंढीच्या दुधाचं चीज कापलं आणि दोन बशा मांडल्या, एक माझ्यासमोर, एक शेजारच्या रिकाम्या स्टुलासमोर. असेल धंद्याची रीत, असं मला वाटलं. माझा तुकडा खडूसारखा लागला, तरी भिडेखातर थोडं चीज बांधून घेतलं. निघताना सहज नजर गेली, तर दुसऱ्या बशीतला तुकडा अर्धा खाल्लेला होता.

दातांच्या खुणा वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. तो तुकडा मी रुमालात गुंडाळून घरी आणला आणि साच्याला लावून पाहिला. वळलेल्या दातासकट तो नेमका बसला. खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण मी पोटभर रडलो आणि पुढच्या शनिवारची वाट पाहू लागलो.

मग एकही शनिवार चुकवला नाही. बाईंना कधी काही विचारलं नाही, न जाणो विचारल्यानं थांबलं तर. स्टुलाकडे सरळ बघायचं नाही, हेही माझं मीच ठरवलं होतं. खाली मान घालून, हसताना कुणाची कवळी निसटली असल्या आठवड्याच्या गमती हळू आवाजात सांगायचो, आणि शेजारची बशी रिकामी होत जायची.

एका शनिवारी बाईंनी बटाट्याचं जाड, कोमट ऑम्लेट कापलं. पहिल्याच घासाला कांद्याचा गोडवा जिभेवर उतरला, वर्षभरानंतर. मी हावऱ्यासारखा खात सुटलो. माझी बशी संपली तसा हात आपसूक शेजारी गेला. तिच्या ताटातलं उरलेलं संपवायची माझी जुनी खोड. त्या दिवशी मात्र तिनं काही खाल्लंय की नाही, हेसुद्धा मी पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी बाईंनी एकच बशी मांडली.

"आज एकच?" मी विचारलं.

"त्या गेल्या शनिवारीच निघाल्या की," बाई सुरी पुसत म्हणाल्या. "म्हणाल्या, किती दिवसांनी चवीनं खातोय, हाक नका मारू त्याला."

घरी येऊन मी कपाटातून साचा काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. सगळे दात सरळ होते.