खडूची खूण

जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरनं तिसऱ्यांदा हात टेकायला लावले तेव्हा गोरख मेस्त्री गाडीच्या पोटाखाली उताणा पडला होता. कोपरापर्यंत ग्रीस, कानात माती आणि तोंडात न सांगण्याजोगे शब्द. भोंगवलीतल्या आपल्या शेडमध्ये त्यानं अशा कितीतरी गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन खोललं-जोडलं होतं. नवे बुश, नवी किंगपिन, सगळं मनासारखं बसलं होतं. तरी ही बया दोन दिवस ताठ उभी राहायची आणि तिसऱ्या दिवशी नाक खाली घालून बसायची.

गाडी वेल्ह्याच्या आनंदराव मास्तरांची. तिला पुढं स्प्रिंग नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडी असते. चाक उचललं की दांडी पिळली जाते आणि उलट जोर लावून चाक जागेवर आणते. वर्षानुवर्षं एकाच अंगाला पीळ खाल्लेली ही दांडी उजवीची डावीकडे लावली की कामातून गेली. दिसायला मात्र दोघी सारख्या. एरवी गोरख पंच ठोकून, खाच पाडून डाव्या-उजव्याची खूण करायचा, पण या दांडीला ओरखडासुद्धा चालत नाही, तिथूनच ती तुटते. म्हणून खडू.

दांड्या बसवायला घेतल्या तेव्हा खडूचा मागमूस नव्हता. अंदाजानं बसवल्या, गाडी बसली. अदलाबदल केली, पुन्हा बसली. परत पहिल्यासारख्या लावल्या, तरी बसली. आता तर दोन्ही दांड्या दोन्हीकडून पिळल्या गेल्या होत्या.

गाडीचं एक वेळ ठीक होतं. गोरखला पोखरत होतं ते दुसरंच. आपण खूण केलीच नव्हती का? त्याला तर स्पष्ट आठवत होतं, गुडघ्यावर बसून लिहिताना खडू मोडला होता. पण आठवण्याचं काय घेऊन बसलात? त्याचा बाप, गेनबा, अखेरच्या वर्षांत छातीठोकपणे सांगायचा की बैलांना पाणी पाजून आलो, आणि बैल विकून पाच वर्षं झालेली असायची. गेनबाचं साठीलाच सुरू झालं होतं. गोरखलाही यंदा साठावं लागलं होतं. दसऱ्यापासून तो मनाशी भोर ते हिर्डोशीचे एसटीचे थांबे आठवतात का, ते ओळीनं म्हणून बघायचा. बायकोला, रत्नाला, दिवसातून दोनदा विचारायचा, “माझा चा पिऊन झाला का गं?”

त्या सकाळी तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि भोरच्या सोमनाथ मेस्त्रीला फोन लावला. मग ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या रत्नाला म्हणाला, “सोमनाथ येतोय दुपारी. हत्यारं घिऊन जाईल समदी.”

“का वं?”

“बापाचंच आलंय मला. खूण केली का न्हाई, ठावं न्हाई. उद्या कुणाच्या गाडीचा ब्रेक जोडायचा इसरलो तर? माणूस मरंल.”

रत्नानं सूप खाली ठेवलं.

“खूण व्हती,” ती म्हणाली. “खंडेनवमीला म्या हत्यारं धुतली पुजंसाठी. लोखंड म्हणून त्या दांड्याबी घेतल्या. डिझेलनं पुसल्या, हळद-कुकू लावलं. तवा काय कळलं न्हाई. तुमी हुडकाया लागला तवा कळलं.”

गोरख मटकन पायरीवर बसला. डोकं शाबूत आहे. आपण खूण केली होती, खडू मोडला होता, सगळं खरं होतं. त्याला एवढं हलकं वाटलं की हसूच फुटलं. हसता हसता डोळे भरले आणि ते त्यानं ग्रीसच्याच हातानं पुसले. मग हळूहळू त्याच्या मनात दिवसांचा हिशेब लागला.

“सव्वीस दिस झालं, रत्ना. सांगितलं का न्हाईस?”

“भ्याले.”

“रागावलो आसतो, आजून काय?”

“तेच की.” तिचा आवाज साधाच होता. “रोज चा झाला का इचारायचा, तवा वाटायचं आज सांगावं. मग तुमच्या तोंडाकडं बघितलं की जीभ उचलायची न्हाई.”

एकदा एक पाना जागेवर नव्हता म्हणून त्यानं अख्खी पेटी अंगणात भिरकावली होती. गावात तो किस्सा अजून हसून सांगतात, तोही सांगायचा. आपल्याला वेड लागत चाललंय असं नवऱ्याला वाटतंय, हे ती सव्वीस दिवस बघत होती, आणि तरीही तिला त्याच्या रागाचीच भीती जास्त वाटली होती. गोरखला लाज वाटली. अशी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

त्यानं आधी सोमनाथला येऊ नको म्हणून कळवलं, मग मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, दांड्या गेल्या. दुसरी जोडी बघाय लागंल. डाव्या-उजव्याची खूण पुसली गेली.”

“कोणी पुसली?” पलीकडून मास्तरांनी विचारलं.

रत्नाचा हात सुपावर जागच्या जागी थांबलेला गोरखला दिसला.

“माझ्याकडनंच,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिनं ऐकलं होतं. तरी हात तसाच राहिला. पस्तीस वर्षांची सवय होती ती. रत्ना अजून त्याच्या ओरडण्याची वाट बघत होती.