ताईनं देल्लेली रॅम

नागसेनले जाऊन पंधरा दिवस झाले, अन् मले अजून रडू आलं नाही. लोकं येतात, माझ्या तोंडाकडं पाहतात. पाहा बाप्पा, काय पाहाचं ते.

माझा लहाना भाऊ. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात ठेक्यावर होता. ड्यूटीवरून गाडीनं येताना ट्रकनं उडवलं. चार महिन्यांपासून आम्ही बोलत नव्हतो. मी साहेबाच्या हातापाया पडून माझ्या ऑफिसात त्याच्यासाठी जागा जमवली, अन् हा मुलाखतीलेच गेला नाही. मी म्हटलं, "तू मेला तरी मी येणार नाही." आता हे कोणाजवळून परत घेऊ?

रविवारी त्याचं पुण्यानुमोदन, भंतेजी येणार होते. आई म्हणे, "मोनाली, त्याचा चांगला फोटो पाह्य वं, फ्रेम कराचा आहे." फोटो सारे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये. सुटे पार्ट जमवून त्यानं तो घरीच जोडला होता. पण कधी बंद करत नव्हता, नुसता स्लीपवर झोपवून ठेवे, काहून का एकदा बंद केला का चालू व्हाले त्याचे दहा नखरे. पंधरा दिवसांपासून त्याचा लाइट लुकलुक करून राहिला होता. कोणी हात लावला नव्हता.

मी बटण दाबलं. स्क्रीनवर पांढरी खिडकी उघडी, त्यात त्यानं टाइप केलेलं. सेव्ह केलेलं नव्हतं. बंदच करत नाही तं सेव्ह काहून करू, म्हणे.

"ताई, राग सोड. मी मुलाखतीले काहून नाही गेलो ते तुले एकदाचं सांगतो. त्या दिवशी"

खिडकी तिथंच संपत होती. बाकीचं खाली सरकवल्यावर दिसणार. मी माउस फिरवला, बाण हलला नाही. कीबोर्ड ठोकला. काही नाही. हँग.

सीताबर्डीवर दुर्गेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, नागसेनचा दोस्त. त्याले बोलावलं. त्यानं खटपट करून पाहिली अन् मान हलवली.

"ताई, बटण दाबून बंदच करा लागते. फोटो राहतील, ते डिस्कवर आहेत. हे लिहिलेलं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत आहे. करंट गेला का साफ."

"दुसरा इलाज?"

"असता तं केला नसता का, ताई?"

मी मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. मग तासभर तशीच बसली. दुर्गेशचा चहा निवला. त्या दिवशी काय? त्या दिवशी काय झालं होतं, बाबू? आतून आई ओरडली, "भेटला का वं फोटो?"

बटण मीच दाबलं. मले काहीच वाटलं नाही. बोट तेवढं दुखलं.

मग तो चालूच होईना. दुर्गेशनं डब्याची बाजू उघडली. "हे पाहा. रॅमच्या दोन पट्ट्या. काळी त्यानं नवीन घेतली. ही हिरवी जुनी, दुसऱ्या कंपनीची, तिचा स्पीडही वेगळा. दोघींचं जमत नाही. हिच्यापायीच हँग होते. हजार खेपा सांगतलं त्याले, काढून फेक म्हणून. ऐकलं तं शपथ!"

हिरवी मी ओळखली. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले, तेव्हा मीच मागून आणली होती, त्याच्या वाढदिवसाले. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "घे, तुझ्या डब्याले टॉनिक." कोणतीही रॅम कोणत्याही रॅमसंगं चालत नाही, हे मले काय माहीत.

"मग काढली काहून नाही त्यानं?"

दुर्गेश खाली पाहून बोलला. "दोन महिन्यांआधीही मी काढून राहिलो होतो. माझा हात धरला त्यानं. ताईनं देल्ली आहे बे, राहू दे, म्हणे."

दोन महिन्यांआधी आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो.

दुर्गेशनं हिरवी काढली. कॉम्प्युटर एका झटक्यात चालू झाला. निळ्या शर्टातला एक हसरा फोटो भेटला, तो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आईले देल्ला. आई तो पेन ड्राइव्हच छातीशी धरून बसली. दुर्गेशनं हिरवी रॅम माझ्या हातावर ठेवली.

"परत लाव," मी म्हटलं.

"हँग होईन, ताई."

"होऊ दे गा."

त्यानं बंद करून लावली. पहिल्या खेपेले चालू नाही झाला, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या खेपेले झाला.

दुर्गेश चप्पल घालता घालता दारात थांबला. "आता बंद नका करू, ताई."

"हौ," मी म्हटलं. "नाही करत."