बुंध्यापासून वीतभर

मी टोपली बोलतेय. लालीबाईची टोपली. आज माझ्याच्यानं गोड बोलणं होणार नाही, आधीच सांगते.

घाटंजीकडच्या एका पोडावर, कोलामांच्या वस्तीत, माझा जन्म झाला. एका म्हाताऱ्याने हिरव्या बांबूच्या कामट्या काढून मला विणलं, काठ दुहेरी बांधला. महागावच्या बाजारात लालीबाईने मला उलटी केली, तळावर गुडघा रोवून दाबून पाहिलं आणि मगच तांड्यावर नेलं. शेण, कापूस, तुरीच्या शेंगा, काय नाही वाहिलं मी!

मग रस्ता रुंद करायला निघाले. दुतर्फाच्या जुन्या चिंचा, कडुनिंब आडवे केले, फांद्या यंत्रात घालून त्यांच्या ढलप्या केल्या आणि तो डोंगर गावच्या गायरानाच्या तोंडाशी ओतला. गायरानात पावसाळ्यात लावलेली तीनशे रोपं होती. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून त्यांच्या आळ्यात या ढलप्या पसरायच्या होत्या. मध्ये नाला, ट्रॅक्टर जाईना. मग काय, बायांची डोकी होतीच.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. नऊ बाया. ढिगात फावडं घातलं की आतून वाफ निघायची, आंबूस वास यायचा. ढलप्यांत झाडांवरच्या जुन्या पाट्यांचे खिळे निघायचे, बोटं फाटायची. लालीबाईची सून वर्षा मला भरायची, दोघी मिळून उचलायच्या आणि लालीबाई डोक्यावर चुंबळ ठेवून नाला उतरायची. दिवसाला साठ-सत्तर फेऱ्या. पलीकडे ती मला हलकेच ओतायची, हाताने ढलप्या गोल पसरायची. जाडी चार बोटं. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी. नाल्याकडची पहिली ओळ तिने अशीच केली.

दुसऱ्या दिवशी मुकादम सदाशिवराव आला. पांढरे बूट, हातात मोबाईल.

"हे काय करून ठेवलं? मधात खड्डा काहून सोडला?"

"खोडाले चिकटवलं तं साल सडते, भाऊ. उधई लागते," लालीबाई म्हणाली. "मी अकरा वर्सं नर्सरीत काम केलं."

"तू मले शिकवते काय? फोटोत ढीग दिसला पायजे. खोडापावतर भर, गुडघ्याइतका! नाई जमत तं घरी जाय, दुसऱ्या बाया लय आहेत."

आणि त्याने बुटाने ढलप्या लोटल्या. दुसऱ्या ओळीतल्या एका कवळ्या आवळ्याच्या खोडाला त्या गळ्यापर्यंत भिडल्या. माझ्या कामट्या कडाडल्या. मला हात असते तर! पण हात तिला होते, आणि घरी तिला जाता येत नव्हतं. बाकीच्या आठ जणी मान खाली घालून ढिगाकडे वळल्या. तिने मला उचललं. तेरा दिवस ती एकेका रोपाला स्वतःच्या हातांनी गाडत गेली. प्रत्येक खोडाशी ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलायची. नाल्याकडच्या ओळीत बोरीचे काटे होते. तिकडे पांढरे बूट फिरकले नाहीत, म्हणून ती ओळ तेवढी वाचली.

फोटो निघाले. वर नाल्याअलीकडून पाइपाने टँकरचं पाणी पडत राहिलं, ढीग खोडाशी ओले राहिले. एप्रिल सरता सरता रोपं माना टाकू लागली. नव्वद गेली. मग मुकादमाचा तालुक्याला एक कागद गेला: 'मजूर लालीबाई व इतर यांच्या निष्काळजीपणामुळे रोपे मृत.' वर्षाने तो पंचायतीत वाचला आणि घरी येऊन सासूला सांगितला.

"याडी, तुह्यं नाव टाकलं त्याइनं." याडी म्हणजे आई; सासूला ती तशीच हाक मारते.

लालीबाई रडली नाही. तिने मला घेतलं आणि भर उन्हात गायरान गाठलं. मेलेली रोपं उपटून माझ्यात भरली.

एक मेची ग्रामसभा होती. सरपंच शीलाताई बोलत होत्या, शेजारी खुर्चीत सदाशिवराव. लालीबाई सरळ टेबलापाशी गेली आणि तिने मला उलटी केली. काळी सडलेली खोडं, गळून पडलेली साल, माती आणि वळवळणारी उधई, सगळं त्याच्या फायलीवर. तो खुर्चीवरून उडालाच.

"हे माह्या हातानं झालं," लालीबाई म्हणाली. "माह्याच. पण सांगितलं कोनं होतं, ते त्याइले विचारा. नाल्याकडची ओळ माह्या मनानं केली होती. चाला पाह्यले!"

"बाईमाणसाचं काय आयकता—" सदाशिवराव सुरू झाला.

"मीही बाईमाणूसच आहे, सदाशिवराव," शीलाताई उठल्या. "चला, लालीबाई."

अर्धा गाव उन्हात नाल्यापलीकडे गेला. पहिल्या ओळीतली पंचवीसच्या पंचवीस रोपं हिरवीगार होती. शीलाताईंनी खाली बसून एका बुंध्याभोवतीची मोकळी जागा चाचपली आणि पुढच्या रोपाचा ढीग हातांनी मागे ओढायला लागल्या. मग सगळेच बसले. संध्याकाळपर्यंत उरलेली रोपं मोकळी झाली. त्यातलीही काही गेलीच. बरीचशी तगली.

पण सदाशिवरावाने चूक कबूल केली नाही. पुढच्या कामाला त्याने आठ बायांना बोलावलं, लालीबाईला नाही. तालुक्याला दुसरा कागद पाठवू, असं सभेत ठरलं होतं. शीलाताई दोनदा जाऊन आल्या. साहेब मीटिंगमध्ये होते.

आता माझा तळ गेलाय. वर्षाने चिंध्या बांधून पाहिल्या, टिकत नाहीत. कोपऱ्यात पडून मी बघते, लालीबाई रोज सकाळी हंडा घेऊन गायरानात जाते. तिला कोणी सांगितलेलं नाही, तिची हजेरीही कुठे लागत नाही.

वाळलेला बांबू चांगला पेटतो. मला चुलीत घालायचं तर खुशाल घाला, मी कुरकुरणार नाही. पण तालुक्याच्या त्या कागदावर अजून तिचं नाव आहे. ते आधी खोडा.