कंपनीने टाकलेलं नेटवर्क कार्ड

मी जुनं नेटवर्क कार्ड बोलतोय. हिरवी पट्टी, वर काळ्या चिपा, मागे वायर खुपसायला भोक, खाली कम्प्युटरात रुतायला सोनेरी दात. एवढंच माझं रूप. शिकलेला मी नाही. वायरीतून आलेलं आत ढकलायचं, आतलं बाहेर ढकलायचं, तेवढीच अक्कल. ती आजवर पुरली.

जन्म कुठल्यातरी परदेशी कारखान्यात झाला. आठवत काही नाही, उगाच रडून दाखवणार नाही. पहिली नोकरी अंधेरीच्या एका ऑफिसात. तिथली माणसं दिवसभर एकमेकांना विनोद पाठवायची आणि साहेब आला की कपाळाला आठ्या घालायची. ते सगळे विनोद मी वाहिले. एकही धड नव्हता.

मग ऑफिसाने नवे कम्प्युटर घेतले आणि मला जुन्या कम्प्युटरसकट विकलं. घेतलं नलिनीबाईंनी. मुलुंडला त्यांचा गाळा आहे, ब्लाउजवर एम्ब्रॉयडरी करून देतात. कम्प्युटरमधलं डिझाइन माझ्यातून मशीनकडे जातं आणि मशीन मोर काढतं. बायकांना मोर फार लागतात. का, ते मला विचारू नका.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनला मोर पोचेना. माझा दिवाही लागेना. दिवाळीच्या ऑर्डरींचा ढीग पडलेला. बाईंनी मुलाला, सिद्धेशला बोलावलं. तो नोकरीत कम्प्युटरच बघतो. त्याने माझ्या कंपनीची साइट उघडली आणि त्याचा चेहरा खुलला. गाळा विक म्हणून तो कधीचा आईच्या मागे लागलेला, आता निमित्त मिळालं. हे कार्ड कंपनीने बंद केलंय, नवीन कार्ड या कम्प्युटरला बसत नाही आणि नव्या कम्प्युटरवर या मशीनचा प्रोग्राम चालत नाही, असं त्याने ऐकवलं.

"कंपनीनेच हात वर केलेत, आई. दे सगळं भंगारात. घरी बस ना आता."

"घरी बसून काय तुझ्या बायकोच्या डोक्यावर बसू? खाली अजून लिहिलंय ते वाच."

"ते उगाच असतं गं."

"असू दे. वाच."

वाचलं त्याने, तोंड वाकडं करून. कार्ड काढा, पुसा, परत घट्ट बसवा. त्याने स्क्रू काढून मला उपटलं, तर माझ्या सोनेरी दातांवर हळदकुंकवाचा लगदा.

हे काय, म्हणून तो ओरडला. दसऱ्याच्या पूजेआधी धूळ काढायला झाकण उघडलं होतं, मग आतल्यांनाही लावलं, असं बाईंनी सरळ सांगितलं.

"आई, हे कार्ड आहे."

"माझ्या पोटाला घालतं ना ते? मग त्याला नको लावू?"

पोरगा खोडरबर शोधायला उठला. अंधेरीत मला कुणी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. पण बाई, माया करायची तर कपाळावर करा, दातांत कशाला?

सिद्धेशने खोडरबराने माझे दात घासले, परत बसवलं. दिवा लागला. मशीन खडखडायला लागलं.

पुढच्या रविवारी तो कुठूनतरी माझ्यासारखंच एक जुनं कार्ड शोधून घेऊन आला. मी मेलो तर लावायला. गाळा विकायचं नाव काढलं नाही. ते कार्ड ड्रॉवरमध्ये माझ्या मरणाची वाट बघत पडलंय. बघू दे.

कंपनीवाल्यांना एवढंच सांगणं आहे. मला बनवणं बंद केलंत, खुशाल करा. पण साइटवरचं ते पान पुसू नका. कुणाची तरी आई पोराला खालपर्यंत वाचायला लावत असेल.

चला, बाजूला व्हा. मोराची मान अर्धी राहिलीय.