आप्पांची हलती फरशी

मुलांनो, जरा कल्पना करा. श्रीगोंद्याच्या बाहेर, उसाच्या शेतांमध्ये एक वस्ती आहे. तिथल्या एका घराच्या मागे लहानशी न्हाणी आहे. आत पांढऱ्या फरश्या, कोपऱ्यात नळ, नळाखाली बादली. आणि बरोबर मधली एक फरशी सुटलेली. पाय पडला की ती एका अंगाला कलते आणि ‘टक्’ करते. फरश्यांमधलं सिमेंट जागोजागी तडकून निघालंय, त्या भेगांत पाणी मुरतंय. अशा न्हाणीत तुमचे आजोबा रोज एकटे आंघोळीला जातात. तुम्ही काय कराल?

त्या घरातल्या पंकजाच्या वडिलांनी, तिच्या अण्णांनी, जे केलं, तेच तुम्हीही केलं असतं.

अण्णांचं नाव अंगद. तो पुण्यात फरशी बसवण्याची कामं करायचा आणि सुट्टीला गावी यायचा. या खेपेला तो हत्यारं घेऊनच आला.

“कशाला उकरतोस?” त्याचे वडील, आप्पा, म्हणाले. “अजून चार वर्षं निघंल ती.”

“चार वर्षं? त्याआधी तुमची कंबर निघंल आप्पा. लोक हसतात मला. जगाच्या न्हाण्या करतो, आन् बापाची डगडग करती.”

“हसू दे की. दात हायेत त्यांना.”

पण अंगदने ऐकलं नाही. त्याने थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकून पाहिली. पोकळ वाजली की खडूने फुली मारायची आणि ती फरशी उचलायची. मधली उचलताना फुटली. तसली पांढरी आता बाजारात मिळेना, म्हणून त्याने पुण्याहून उरलेली एक हिरवी तिथे बसवली. खाली भरपूर सिमेंटचा माल घातला, पातळी सारखी आहे का ते बघितलं, जुने सांधे खरवडून नवे भरले. बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. सगळं पक्कं वाळेपर्यंत आप्पांनी अंगणातल्या दगडावर आंघोळ केली. कुरकुर मात्र रोज केली.

मग एका सकाळी अंगद म्हणाला, “जावा आता बिनघोर.”

आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले. पंकजा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. बराच वेळ झाला, तरी पाण्याचा आवाज येईना. ती उठून दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आप्पा कपड्यानिशी मध्ये उभे होते. पाय पुढे सरकवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा दुसरीकडे सरकवायचे. हात हवेत काहीतरी शोधत होता. नळ त्यांच्या डाव्या बाजूला, आणि ते उजवीकडच्या भिंतीशी बोटं चाचपत होते.

“कोण हाय?”

“मी.”

आप्पांनी हात खाली घेतला. “पंके, ती हलती कुठं गेली गं?”

“अण्णांनी काढली ना ती.”

“व्हय, काढली.” त्यांनी अंगठा फरशीवर घासून पाहिला. “तिच्यावर पाय पडला की डावीकडं नळ. भेगंत अंगठा घालून सरळ गेलं की दार. आता समदं सारखंच लागतंय.”

आप्पा नेहमी सांगायचे, थोडं धूसर दिसतं, वयाचं हाय.

“आप्पा, तुम्हाला काहीच दिसत नाही?”

“हळू बोल. अंगदला सांगू नको. पुण्याचं काम टाकून हितं बसंल माझ्यापायी. बादली दे हाताला.”

तिने नळ सोडला, बादली भरली, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि दार ओढून बाहेर उभी राहिली. आप्पांची आंघोळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही. झाल्यावर त्यांचा हात धरून त्यांना अंगणात आणलं.

अंगद हौदापाशी थापी धूत होता. “मग? कसं झालंय काम?”

“लई झाक,” आप्पा हसून म्हणाले. “कुठं काय बदललंय ते वळखू बी येत न्हाई. समद्या एकसारख्या, पांढऱ्याफेक.”

पंकजाने मागे वळून पाहिलं. उघड्या दारातून ती हिरवी फरशी ओली होऊन चमकत होती.

अंगदचा हात थांबला. त्याने न्हाणीकडे पाहिलं, मग वडिलांच्या चेहऱ्याकडे. आप्पांचं तोंड हौदाकडे होतं, पण नजर त्याच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे लागली होती. थापी हौदात निसटली. त्याने ती काढली नाही.

“आप्पा, कवापासून?”

आप्पा टॉवेलने कान पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत राहिले. अंगद तिथेच हौदाच्या कडेला बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पंकजाने चपला काढल्या. ती न्हाणीच्या दारात गेली, डोळे घट्ट मिटले, आणि अंगठ्याने फरशी चाचपत एक पाऊल आत टाकलं.