तपशिलाचं पत्र

"सही आहे हो ताई, पण नुसत्या सहीने भागत नाही," माई फोनवर समजावत होत्या. "'माझ्या हाताखाली चांगलं काम केलं' एवढंच लिहिलंय त्यांनी. सरकारला तपशील लागतो. कुठले पूल, काय काम, त्याला शिक्षण कोणतं लागतं."

पलीकडची मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, बाबांना बोलताना दम लागतो. ती एक ओळसुद्धा त्यांनी कशीबशी लिहिलीय."

"कळतं हो मला. त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहून घ्यायचं. एकदाच. पुन्हा नाही त्रास देणार."

मुलगी म्हणाली, "बघते."

माई परदेशातल्या एका वकीलबाईंकडे कामाला होत्या. कुशल कामगारांच्या व्हिसाचे अर्ज तिथे तयार होत. कधीकधी सरकार हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे; आणखी पुरावा द्या, म्हणून नोटीस धाडत असे. ती नोटीस आली की फाइल माईंच्या टेबलावर यायची. या वेळी नोटीस आली होती ती पुलांची तपासणी करणाऱ्या एका तरुण अभियंत्याला. मायदेशातल्या नोकरीत याने खरोखर अभियंत्याचं काम केलं, की नुसती मजुरांवर देखरेख, असा सरकारचा सवाल होता. ती कंपनी कधीच बंद पडली होती. त्याचे तिथले साहेब, म्हणजे फोनवरच्या मुलीचे बाबा, तेवढे हयात होते. अर्ज फेटाळला गेला असता तर अभियंत्याला बायको आणि नुकतीच शाळेत जायला लागलेली मुलगी यांच्यासह गाशा गुंडाळावा लागला असता.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, "माई, नकाशांवर त्याच्या सह्या आहेत, सहकाऱ्यांची पत्रं आहेत. पुरे झालं. म्हातारा माणूस आजारी आहे म्हणतात, राहू दे."

पण माईंना राहवलं नाही. पूर्वी एका नर्सचा अर्ज एका कागदावाचून फेटाळला गेला होता. ती बाई ऑफिसच्या जिन्यात बसून रडली होती. तेव्हापासून माई ताकही फुंकून पीत. आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता. माईंची फाइल परत येत नाही, असं ऑफिसात बोललं जायचं. ते त्यांना आवडायचं.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. चांगलं तीन पानी. अक्षर मुलीचं, शेवटची सही मात्र साहेबांची, ओळ सोडून खाली घसरलेली. माई वाचतच राहिल्या. 'पुलाच्या खांबाखालची माती वाहून चालली आहे, हे या मुलाने प्रथम ओळखले. मी त्याला वेड्यात काढले होते. तो म्हणाला, साहेब, एकदा खाली उतरून बघू. आम्ही उतरलो. तो बरोबर होता. त्यानंतर मी त्याला विचारल्याशिवाय एकाही पुलावर सही केली नाही.'

"सोन्यासारखं पत्र आहे!" माईंनी वकीलबाईंना दाखवलं. लगेच मुलीला निरोपही धाडला: पत्र उत्तम. फक्त सहीखाली तारीख राहिलीय. तेवढी घालून पुन्हा पाठवाल का?

उत्तर दुपारी आलं.

'बाबा पहाटे गेले. आता दुरुस्ती होणार नाही.'

माईंच्या हातातला फोन तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरच्या कुणी "काय झालं?" म्हणून विचारलं, तर त्या "काही नाही" म्हणाल्या आणि उगीच पंच मशीनने कोरे कागद टोचत बसल्या. तारखेचं काही अडलं नव्हतं. पत्राचंच अडलं नव्हतं, मग तारखेचं काय!

पत्र त्यांनी फाइलला लावलं. न लावावं तर त्या माणसाचे कष्ट मातीत गेले असते.

काही आठवड्यांनी मंजुरी आली. कुठला पुरावा ग्राह्य धरला, याचा त्यात चकार शब्द नव्हता. अभियंता बायकोला घेऊन चॉकलेटचा डबा द्यायला आला. साहेबांचं नाव निघताच त्याचे डोळे भरले.

"जाता जाता आशीर्वाद देऊन गेले बघा, माई."

"आणि तुम्ही चिकाटी धरलीत म्हणून," त्याची बायको म्हणाली. तिने वाकून नमस्कार केला. माई झटकन मागे सरकल्या.

"मला नको, पोरी," एवढंच त्या बोलल्या. डबा त्यांनी उघडला नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी साहेबांच्या मुलीला फोन लावला.

"ताई, मी वकीलबाईंच्या ऑफिसातून... मी तुमची माफी मागायला फोन केला. मी तुम्हाला फार घाई केली."

"माफी कसली? बाबा खूश होते हो. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना कामाचं विचारलं. सगळी दुपार सांगत होते. थांबा म्हटलं तरी ऐकेनात. खरं तर मला आईबद्दल विचारायचं होतं त्यांना. मी लहान असतानाच गेली ती. ते कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी सकाळी आपणहून म्हणाले, बस, तुला तुझ्या आईचं सांगतो. तेवढ्यात तुमचा फोन आला. म्हटलं, आधी हे उरकून घेऊ."

"पत्र कामी आलं ना, मॅडम?"

पत्र नसतं तरी चाललं असतं, हे माईंच्या ओठांशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"त्याच पत्रामुळे झालं, ताई. बाकी कशात काही दम नव्हता."

"बरं झालं," मुलगी म्हणाली. खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाली, आणि ते माईंना जास्त लागलं. "ठेवू का? बाबांची आजारपणातली भाड्याची खाट न्यायला माणसं आलीत. मीच इतके दिवस नेऊ दिली नव्हती."

फोन बंद करायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. माई ऐकत राहिल्या. लोखंडी खाटेची चाकं फरशीवरून खडखडत गेली, उंबऱ्याशी अडली. "उचला जरा," कुणी पुरुष म्हणाला. मग ती पलीकडे गेली, आणि मुलीने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.